गाडी ठेवायची की काढायची, ते हेड उतरल्यावर ठरवा

एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख न देता त्यातला मजकूर थोडक्यात सांगते.

त्यांची गाडी १४ वर्षांची, पेट्रोलवरची, १ लाख ६० हजार किलोमीटर धावलेली. गेल्या महिन्यात त्यांची मुलगी एकटीच गाडी घेऊन घरी परतत असताना तापमानाचा काटा लाल रेषेला जाऊन टेकला. घर दहाच किलोमीटरवर होतं, म्हणून ती तशीच चालवत राहिली. शेवटी इंजिनाची ओढ गेली, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली. मेकॅनिकने बघून सांगितलं, हेड गॅस्केट उडालं. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त आहे. मेहुणे म्हणतात, भंगारात द्या. दुसरा एक मेकॅनिक म्हणतो, रेडिएटरमध्ये गळती बुजवणाऱ्या द्रवाची एक बाटली ओता, गळती बंद होईल. गेल्याच वर्षी नवा क्लच आणि चार टायर टाकले होते, ते पैसे पाण्यात गेले याचं त्यांना वाईट वाटतं. मुलीने स्वतःच्या बचतीतून खर्च द्यायची तयारी दाखवली आहे, पण तिच्यावरचा राग अजून गेलेला नाही. ‘चार महिने दर पंधरा दिवसांनी लिटरभर पाणी घालून मी ही गाडी सांभाळली,’ असं ते लिहितात, ‘आणि तिने एका संध्याकाळी इंजिन घालवलं. आता दुरुस्त करू की काढून टाकू?’

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा पाणी घालण्याच्या त्या वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते गाडीची काळजी घेतल्याची खूण म्हणून लिहिलं आहे. मला मात्र सबंध पत्रात तीच माहिती सगळ्यात मोलाची वाटते, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते.

गाडीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, बंदिस्त फिरत असतं. ते पेट्रोलसारखं खर्च होत नाही. सगळं धड असेल तर महिनोन्‌महिने टाकीतली पातळी जेमतेम हलते. पंधरा दिवसांत एक लिटर कमी होत असेल तर ते कुठेतरी जात होतं. एक तर बाहेर टिपकत होतं, नाहीतर इंजिनाच्या आत शिरून वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जात होतं. चार महिन्यांचा हिशेब आठेक लिटर होतो. बहुतेक लहान गाड्यांत सगळं मिळून पाच-सहा लिटरच मावतं. म्हणजे त्या संध्याकाळी तुमच्या इंजिनात फिरत होतं ते जवळजवळ साधं पाणी होतं. कूलंट पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं ते खरं, पण त्याचं रोजचं मोठं काम वेगळं आहे. ते आतल्या ॲल्युमिनियमला आणि लोखंडाला गंजापासून आणि खवल्यांपासून वाचवतं. साध्या पाण्यावर चाललेल्या इंजिनात रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतात, पंपाची पाती झिजतात, आणि गॅस्केटच्या पाण्याच्या भोकांभोवतीचा धातू कुरतडला जातो.

तेव्हा दोनच शक्यता उरतात. गॅस्केट चार महिन्यांपूर्वीच झिरपू लागलं होतं आणि त्या संध्याकाळी पुरतं गेलं. किंवा गळती दुसरीकडे होती, पाणी कमी झालं, इंजिन तापलं आणि तापल्यामुळे गॅस्केट गेलं. दोन्हींत सुरुवात तुमच्या मुलीच्या हातून झालेली नाही. शेवटचे दहा किलोमीटर तिने चालवले, त्यात नुकसान वाढलं, हे मी झाकून ठेवणार नाही. पण काटा लाल रेषेला लागला की तिथेच थांबायचं, घर कितीही जवळ असो, हे तिला कधी कोणी सांगितलं होतं का? आणि गाडी पाणी खाते आहे हे तिला माहीत होतं का? या दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ज्याचा जाब तिच्याकडून मागताय ते तिच्या हातात दिलेलंच नव्हतं.

आता गॅस्केटकडे वळू. ते नेमकं काय काम करतं हे कळलं की पुढचं ठरवणं सोपं जातं.

इंजिनाचे दोन मोठे भाग असतात: खाली ब्लॉक, त्यात पिस्टन वरखाली होतात, वर हेड, त्यात व्हॉल्व्ह असतात. मधल्या सांध्यात हेड गॅस्केट बसतं. पत्र्याच्या जाडीची ही वस्तू एकाच वेळी तीन गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवते. सिलिंडरमधला जाळ, कूलंट आणि ऑइल. जाळाचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि दाब हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट होतो. तिथून काही मिलिमीटरवर जेमतेम शंभर अंशांचं कूलंट वाहत असतं. त्यातही अनेक जुन्या गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. त्यामुळे दर वेळी गाडी तापली आणि निवली की हेड ब्लॉकवर केसभर सरकतं आणि परत येतं. हे घासणं गॅस्केट वर्षानुवर्षं सोसतं. इंजिन अति तापलं की मात्र हेड बोल्टांमध्ये अडकून फुगतं, निवताना वाकतं, आणि सांध्यात फट पडते. ही फट डोळ्यांना दिसणारी नसते. पुष्कळ इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत, त्यांतली पहिली इथे तपासू. गॅस्केटच गेलं आहे हे कशावरून ठरलं? मेकॅनिकने वाफ आणि गेलेली ओढ बघून सांगितलं असेल, तर तो अंदाज आहे. अनुभवी माणसाचा अंदाज बहुतेकदा खरा ठरतो, पण एवढा खर्च अंदाजावर करायचा नसतो. इंजिन तापायला थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) अडकलेला पुरतो. बंद पडलेला पंखा, त्याचा रिले, चोंदलेला रेडिएटर, सैल पडलेलं झाकण, फुटलेला होज यांपैकी काहीही पुरतं. ऑइलच्या झाकणाखाली दिसणारा पांढरट साका हाही पक्का पुरावा नाही. थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या निरोगी गाडीतही तिथे दमट हवेने असा साका धरतो. ज्या गाड्यांत ऑइल कूलर कूलंटवर चालतो, त्यांत तो आतून फुटला तरी ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळतात.

खात्री करून घ्यायचे मार्ग आहेत आणि दुरुस्तीच्या मानाने त्यांचा खर्च किरकोळ असतो. रेडिएटरच्या तोंडावर निळं रसायन भरलेली नळी लावतात आणि इंजिन चालू ठेवून आतली हवा त्यातून ओढतात. जळालेल्या पेट्रोलचा वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर निळा रंग पिवळा होतो. दुसरी म्हणजे कॉम्प्रेशन टेस्ट, प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणारी. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी जळाली असण्याचा दाट संभव असतो. तुमचं इंजिन बंद पडलेलं आहे, म्हणून तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगाची म्हणजे लीकडाउन टेस्ट. तिला इंजिन चालू लागत नाही. प्लग काढून एकेका सिलिंडरमध्ये बाहेरून हवेचा दाब देतात आणि हवा कुठून निसटते ते बघतात. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडची चीर. ऑइलच्या तोंडातून फुसफुस ऐकू आली तर पिस्टन रिंगा. सायलेन्सरमधून हवा आली तर एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह. ही एकच टेस्ट तुम्हाला वरचा मजला (हेड) आणि खालचा मजला (ब्लॉक) दोन्हींची बातमी देते, म्हणून तिचा आग्रह धरा.

एक विनंती. टेस्ट होईपर्यंत उगाच ‘चालू होते का बघू’ म्हणून स्टार्टर मारू देऊ नका. सिलिंडरमध्ये पाणी साठलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, पाणी दबत नाही. तिथे कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग गॅस्केटचा प्रश्नच उरत नाही. आधी प्लग काढून इंजिन फिरवून घेतात.

आता दुसरं गृहीत. ‘दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त, म्हणून परवडत नाही’ असं तुम्ही आणि मेहुणे दोघांनीही धरलं आहे. हा हिशेब सगळीकडे ऐकू येतो आणि मला तो चुकीचा वाटतो. ती किंमत चालू गाडीची आहे, आणि तुमच्याकडे चालू गाडी नाही. बंद पडलेल्या गाडीचा भाव वेगळा आणि बराच कमी असतो. तो आधी विचारून घ्या. मग दुसरा आकडा काढा: ही गाडी गेली तर तुमचं काम भागवणारी दुसरी गाडी केवढ्याला पडेल? कागदपत्रं, विमा, आणि जुनी घेतली तर पहिल्या सहा महिन्यांत तिच्यातून निघणारी दुखणी, सगळं धरून. तुमच्या गाडीचा क्लच केव्हा बदलला हे तुम्हाला ठाऊक आहे. नव्याने घेतलेल्या जुन्या गाडीचं असं काहीच ठाऊक नसतं, आणि तीही कोणीतरी बाटली ओतून विकलेली असू शकते.

मग दुरुस्तीचा खर्च महिन्यांत मोजा. दुरुस्तीनंतर गाडी किमान दोन वर्षं नीट चालेल असं वाटत असेल तर रकमेला २४ ने भागा. दुसरी गाडी घेण्याचा खर्चही ती जितकी वर्षं वापराल तितक्या महिन्यांवर तसाच वाटा. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बाजारभाव मध्ये येतच नाही. बाजारभाव विकणाऱ्याच्या कामाचा. तुम्ही विकणार नसाल तर त्याच्याशी तुमचं देणंघेणं फार थोडं आहे.

क्लच आणि टायरबद्दल तुम्हाला हळहळ वाटते ते मी समजू शकते. पण ते पैसे दुरुस्ती केली तरी परत येणार नाहीत आणि नाही केली तरी येणार नाहीत, म्हणून त्यांना या निर्णयात आणू नका. मोजायची ती वस्तू. पुढची काही वर्षं क्लचचं काम निघणार नाही, टायरला खर्च नाही, ही या गाडीची जमेची बाजू आहे. ‘एवढा खर्च केला म्हणून’ आणि ‘एवढा खर्च पुढे वाचेल म्हणून’ ही वाक्यं ऐकायला सारखी असली तरी पहिल्याने माणूस खड्ड्यात जातो.

बाटलीबद्दल सविस्तर सांगते, कारण हा मोह पुष्कळांना होतो. अशा अनेक द्रवांत सोडियम सिलिकेट असतं. ते कूलंटबरोबर फिरतं, फटीपाशी पोचतं आणि तिथल्या उष्णतेने काचेसारखं घट्ट होतं. बारीक गळतीवर ते काही दिवस, कधी काही महिने टिकतं, हे नाकारत नाही. पण त्याला फट आणि रेडिएटरची नळी यांतला फरक कळत नाही. जिथे प्रवाह मंद असेल तिथे ते बसतं, मग हीटरच्या आणि रेडिएटरच्या नळ्या अरुंद होतात. आजार रेड्याला, औषध पखालीला अशी गत होते. २००९ साली अमेरिकेत जुन्या गाड्या मोडीत काढण्याची सरकारी योजना आली होती. तिथे ती इंजिनं पुन्हा कोणी वापरू नयेत म्हणून ऑइल काढून त्या जागी सोडियम सिलिकेटचं द्रावण भरून इंजिन चालवायचं असा नियम होता. बेअरिंग जागच्या जागी धरून बसायचे. कूलंटमधलं सिलिकेट आणि ऑइलच्या जागी भरलेलं सिलिकेट एक नव्हे. पण तुमच्या गाडीत गॅस्केटमधून कूलंट ऑइलमध्ये शिरत असेल, तर बाटलीतलं त्याच वाटेने जाणार, हे लक्षात ठेवा.

तुमचं हेड अति तापलेलं आहे, इंजिनाची ओढ गेली आहे. एवढ्या मोठ्या फटीवर बाटली चालणार नाही. ती ओतून नंतर दुरुस्ती करायची ठरवलीत तर आधी सगळी सिस्टीम धुवावी लागेल, कदाचित रेडिएटरही बदलावा लागेल. आणि बाटली ओतून, चार दिवस काटा खाली ठेवून गाडी विकायची, हा विचार कोणी कानात घातला तर तो मनातही आणू नका. ती गाडी घेणारं घरही तुमच्यासारखंच असेल. काय बिघडलंय ते सांगून विका. भाव कमी मिळेल, पण दुरुस्त करून चालवणारे असे ग्राहक असतात.

आता माझं मुख्य म्हणणं. तुम्ही ‘दुरुस्त करू की काढू’ असा एकच निर्णय समोर ठेवला आहे आणि म्हणून तो डोंगराएवढा वाटतो. हे काम टप्प्याटप्प्याने उलगडतं, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबता येतं. थांबायची रक्कम मात्र आधी, शांत डोक्याने, घरी बसून ठरवायची. इंजिन उघडं पडलेलं असताना आणि मेकॅनिक समोर उभा असताना ठरवली तर ती दर वेळी वर सरकते.

पहिला टप्पा टेस्टचा, तो वर सांगितला. त्याच दिवशी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघून घ्या. सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं त्या जागा, दारांखालचे पत्रे, चासीचे लांब भाग. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघायला सांगा. वरवरचा तांबूस गंज चालतो. टोक आत रुतलं तर माझा सल्ला स्पष्ट आहे: इंजिनावर एक पैसा घालू नका. इंजिनाचा प्रत्येक भाग बदलता येतो, सडलेली चासी धड करणं मात्र तितकंच खर्चाचं आणि धोक्याचं असतं. गिअरबॉक्सची परीक्षा बंद गाडीत घेता येत नाही, म्हणून आठवून बघा. गिअर घालताना कुरकुर होती का, ऑटोमॅटिक असेल तर घसरत होता का? आणि गेल्या वर्षभरात ऑइल किती वेळा भरावं लागलं? इंजिन आधीपासून ऑइल पीत असेल, निळा धूर सोडत असेल, तर रिंगा आणि बोअर (सिलिंडरच्या आतल्या भिंती) थकलेले आहेत. अशा इंजिनाचं फक्त हेड नीट करणं म्हणजे फाटक्या कापडाला नवं ठिगळ.

दुसरा टप्पा हेड उतरवण्याचा. यासाठी मजुरी द्यावी लागते आणि ती परत मिळत नाही. पण यातून जे कळतं ते दुसऱ्या कशानेच कळत नाही. मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा: हेड उतरवा आणि मला बोलवा, माझ्या होकाराशिवाय पुढचं काम करू नका. याला वाईट वाटून घेणारा मेकॅनिक मला तरी आजवर क्वचितच भेटला आहे. उतरवल्यावर सिलिंडरच्या भिंतींवरून नख फिरवा. उभ्या रेघा नखाला लागत असतील तर दहा किलोमीटरच्या तापात पिस्टन घासला आहे, आणि काम खालच्या मजल्यापर्यंत गेलं. मग तुमची रक्कम बहुधा ओलांडली जाईल, तिथे थांबा. ऑइल दुधाळ निघालं आणि गाडी तशी बरेच दिवस चालली असेल तर मोठ्या बेअरिंगांची शंका घ्यायला हवी. ऑइल स्वच्छ आणि बोअर गुळगुळीत असतील तर पुढे जायला हरकत नाही.

तिसरा टप्पा हेडचा. ते मशीन शॉपमध्ये जातं. तिथे आधी प्रेशर टेस्टिंग होऊन चीर शोधतात, मग सपाटी मोजून गरज असेल तेवढाच फेस मारतात, म्हणजे पृष्ठभाग तासून सपाट करतात. हा क्रम उलटा होऊ देऊ नका. चिरलेल्या हेडला फेस मारण्याचे पैसे का द्यायचे? फेस किती मारता येतो यालाही कंपनीने घालून दिलेली मर्यादा असते. जास्त धातू उतरला तर कॉम्प्रेशन वाढतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. शिवाय कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हेडमध्येच असेल तर वाकलेल्या हेडमध्ये कॅमची रांगही वाकलेली असते. खालचा पृष्ठभाग तासून सपाट झाला तरी वरचा कॅम अडकतो. म्हणून ‘कॅम हाताने सुटा फिरतो का’ हा प्रश्न विचाराच. अति तापलेलं ॲल्युमिनियम मऊही पडतं, आणि मऊ हेडवर बोल्ट पुन्हा धरत नाहीत. हे तपासायला त्याची हार्डनेस मोजतात.

हेड नापास झालं तरी सगळं संपत नाही. दुसरं हेड किंवा अख्खं जुनं इंजिन मिळू शकतं. जुन्या इंजिनाचा इतिहास मात्र अज्ञात असतो. बसवण्याआधी त्याचंही कॉम्प्रेशन मोजून घ्या, लेखी हमी किती दिवसांची ते बघा, आणि कागदपत्रांवर इंजिन क्रमांक बदलावा लागतो का ते आधीच विचारा.

सगळं पास झालं आणि दुरुस्ती करायची ठरली, तर अंदाजपत्रक लेखी मागा आणि त्यात काय आहे यापेक्षा काय नाही ते शोधा. पुष्कळ इंजिनांत हेडचे बोल्ट कसताना मुद्दाम ताणले जातात. ते एकदाच वापरायचे असतात, जुने परत घातले तर धरत नाहीत. ते यादीत नवे हवेत. टायमिंग बेल्ट असेल तर तो, त्याचे टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह सील, जुने होज, रेडिएटरचं झाकण हे सगळं याच वेळी बदला. एरवी यातल्या कित्येकांची मजुरी सुट्या भागापेक्षा जास्त पडते, इथे इंजिन उघडलेलंच आहे. आणि सगळ्यात आधी, इंजिन तापलं कशाने ते सापडलंच पाहिजे. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीचं गॅस्केट मी एकदा बदलून घेतलं आणि रेडिएटर ‘बरा दिसतोय’ म्हणून तसाच ठेवला. काही महिन्यांत तेच काम पुन्हा करावं लागलं. रेडिएटर आतून अर्धा चोंदला होता. तो खर्च मला आजही आठवतो, म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते: रेडिएटर उतरवून, पाणी सोडून, तपासून घ्या. चार महिने साधं पाणी फिरलेल्या तुमच्या गाडीत तर नक्कीच.

काम चालू असताना दोन बारीक गोष्टींकडे लक्ष द्या. जुन्या गॅस्केटचे अवशेष खरवडायला फिरता सॅंडिंग पॅड लावला तर त्याची बारीक भुकटी ऑइलच्या वाटांत जाते आणि बेअरिंग खाते. हाताने, प्लॅस्टिकच्या पट्टीने, धीराने काढलेलं बरं. आणि ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल राहता कामा नये. वरून बोल्ट कसला की त्या अडकलेल्या थेंबांचा दाब ब्लॉकला चीर पाडू शकतो. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या क्रमाने आणि टॉर्क पान्यानेच (किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याने) कसतात. ज्याच्याकडे टॉर्क पाना नाही त्याला हे काम देऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

नंतर कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं भरून आतली हवा नीट काढायची. ऑइल आणि फिल्टर नवे. ऑइलमध्ये पाणी गेलेलं असेल तर थोडं चालवून ते ऑइलही पुन्हा बदलायचं. पहिले काही दिवस रोज सकाळी, थंड इंजिनावर, टाकीची पातळी बघा. आणि काढलेलं जुनं कूलंट उघड्यावर ओतू देऊ नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, मुलं आणि जनावरं ते चाटतात.

डिझेल गाडीवाल्या वाचकांसाठी एक भर. पांढरा धूर आणि कमी होणारं कूलंट दिसलं तर गॅस्केटवर शिक्का मारण्याआधी ईजीआर कूलर (इंजिनात परत पाठवायचा धूर कूलंटने थंड करणारा भाग) तपासून घ्या, तोही आतून फुटतो. डिझेलची गॅस्केटं पुष्कळदा वेगवेगळ्या जाडीची मिळतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून योग्य जाडी निवडतात. काही डिझेल हेडांना फेस मारायची कंपनीची परवानगीच नसते.

तुमच्या गाडीबद्दल माझा कौल विचाराल तर तो असा: खालून गंज नसेल आणि इंजिन आधी ऑइल पीत नसेल, तर हेड उतरवण्यापर्यंत जा. बोअर साफ आणि हेड बिनचिरेचं निघालं तर दुरुस्त करा, वर सांगितलेल्या सगळ्या यादीसकट. त्यातलं एक जरी बिघडलेलं निघालं, तर तोवर झालेली मजुरी देऊन गाडी आहे तशी, सांगून, विका. त्या मजुरीचं वाईट वाटू देऊ नका. अंधारात सगळी रक्कम घालण्यापेक्षा ती फार थोडी आहे.

पुढे गाडी घरात जो कोणी चालवेल त्याला, आणि लेकीला तर आधी, एवढं शिकवा. काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला की एसी बंद, हीटर पूर्ण चालू, कारण हीटरही इंजिनाची उष्णता बाहेर काढतो. मग जागा मिळेल तिथे कडेला घेऊन इंजिन बंद. तास गेला तरी चालेल, पण गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि काटा वर जाऊन एकदम खाली आला तर सुटलो असं समजायचं नाही. पाणी पूर्ण संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि खोटं सांगतो.

हेड उतरेल त्या दिवशी मुलीला बरोबर घेऊन जा. निघालेलं गॅस्केट मेकॅनिककडून मागून घ्या आणि ते कुठे जळालंय ते दोघांनी मिळून बघा. मग पिस्टनच्या माथ्यांकडे बघा. ते काजळीने काळे असतात. ज्या सिलिंडरमध्ये बरेच दिवस पाणी शिरत होतं, तिथला पिस्टन मात्र वाफेने धुऊन काढल्यासारखा लख्ख दिसतो. तसा एखादा दिसला तर ते चार महिने तुमच्या समोर असतील. तिने देऊ केलेल्या पैशांबद्दल तिच्याशी जे बोलायचं ते त्यानंतर बोला.